तिसरी ‘ब’ची अंडी

११ जानेवारी, शनिवार

जबलपुरात अधारतालहून दीक्षितपुऱ्यापर्यंत मांडीवर चौदा अंडी घेऊन ऑटोत बसणं म्हणजे काय, ते आज कळलं. प्रत्येक खड्ड्याला मी आणि ऑटोवाला एका सुरात "अरे अरे" करत होतो. शेवटी त्यानं विचारलंच, "दीदी, इतने अंडों का क्या करोगे?" म्हटलं, "बच्चे निकालने हैं." त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्यावर बसणार आहे.

सगळं वेदांगमुळं झालं. अंड्यातून पिल्लू कसं येतं ते मी तिसरी ‘ब’ला फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. पहिल्या बाकावरचा हा पोरगा म्हणाला, "मैम, आपने देखा है?" नव्हतं पाहिलं. छत्तीस वर्षांत अंड्याला हातसुद्धा लावला नव्हता. माहेर कट्टर शाकाहारी, सासर त्याहून कट्टर. पण शिक्षिकेच्या तोंडून ‘नाही’ लवकर निघत नाही. "हम सब साथ में देखेंगे," असं बोलून बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वर्गातल्या यशश्रीची आई, डॉ. शर्मिला वानखेडे, पशुवैद्यकीय महाविद्यालयात आहे. तिनं कडकनाथ कोंबडीची अंडी दिली आणि उबवायचं छोटं यंत्रही दिलं. थर्मोकोलचा खोका, आत बल्ब, पंखा आणि थर्मामीटर, वर काच. तीन आठवड्यांत पिल्लं निघतात म्हणे. मुख्याध्यापिका पूर्णिमा मॅडमनी होकार दिला, पण अटी घालून. शाळेचा मेन स्विच शनिवारी दुपारी बंद होतो तो सोमवारी सकाळी उघडतो, तेव्हा सुट्टीत यंत्र मी घरी न्यायचं. आणि पिल्लं निघाली नाहीत तर अठ्ठावीस पोरांना ते मीच सांगायचं.

"घरात नाही," आई दारातच म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

"अहो आई, ही खायची नाहीत. यातून पिल्लं निघणार आहेत."

"मी कुठं खायचं म्हणून राहिली? घरात नाही म्हणजे नाही."

अपूर्व सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. सासू-सुनेच्या मध्ये पडायचं नाही हे या माणसानं सप्तपदीतच ठरवलेलं दिसतं. यंत्र सोमवारीच सुरू करायचं आहे, म्हणून टोपली जिन्याच्या पायरीवर ठेवली. अंड्यांना काडीकचरा आणि नको ते चिकटलं होतं. निदान स्वच्छ तरी असावीत म्हणून एकेक नळाखाली धरून चोळून धुतलं, वरून आईंच्या गडूतलं नर्मदेचं पाणी शिंपडलं आणि कोऱ्या पंच्यानं पुसलं. आई उंबरठ्याच्या आतून बघत होत्या. म्हणाल्या, "नीट पूस, कडेला राहिलंय." आठ वर्षांच्या संसारात माझ्या कामात त्यांनी इतका रस पहिल्यांदाच घेतला असेल. मला बरं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

शर्मिलाला मोठ्या कौतुकानं फोन केला की अंडी चकाचक करून ठेवली आहेत.

पलीकडून, "धुतले? काहून धुतले, मॅडम?"

"घाण होती."

"अहो, अंड्यावर एक पातळ थर राहते. दिसत नाही डोळ्यानं. बाहेरची घाण तो आत जाऊ देत नाही. तुम्ही घाणही काढली अन् राखणदारही काढला."

"मग आता निघणार नाहीत?"

"काही निघतील, काही खराब होतील. दुसरी देता आली असती, पण आता महिनाभर नाहीत माझ्याकडे. चला, लावून तर पाहू."

दुपारभर मला जेवण गेलं नाही. नर्मदेचं पाणीसुद्धा घातलं मी. अपूर्व म्हणाला, "अगं, नर्मदेचं पाणी होतं म्हणजे मोक्ष नक्की." त्याला उशी फेकून मारली. आईंना सांगितलं तेव्हा त्या गडू उचलून देवापुढे ठेवायला गेल्या. ‘नीट पूस’ म्हणणाऱ्या त्याच होत्या, पण आता कोणाला आठवतंय?

१३ जानेवारी, सोमवार

मुलांना सांगून टाकलं. अठ्ठावीस तोंडांसमोर उभं राहून म्हटलं, मैम से गलती हो गई, अंडे धो दिए, शायद सबमें से बच्चे न निकलें. वेदांग हात वर करून म्हणाला, "मैम, मेरी मम्मी तो मुझे रोज़ रगड़-रगड़ के धोती है. मैं तो ठीक हूँ." वर्ग हसला. मीही हसले. पण पोरं आता दुप्पट जीव लावून बसणार, हे मला दिसतंय.

दोघांत एक अंडं अशी वाटणी झाली. पेन्सिलीनं आकडे घातले. प्रत्येकाच्या एका बाजूला फुली काढली, म्हणजे दिवसातून तीनदा फिरवताना कुठलं फिरलं ते कळेल. कोंबडी चोचीनं फिरवते, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. फिरवण्याआधी हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे, असा नियम आहे. हात धुवा म्हटल्यावर यशश्री माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवून हसली. अंडी धुणारीच आता हात धुवा म्हणते, हे तिच्या लक्षात आलेलं दिसतंय.

१४ जानेवारी

संक्रांत. मुलांनी यंत्रापुढे तिळगूळ ठेवला. मधल्या सुट्टीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. सगळं पुसून काढलं आणि ‘गोड बोला’ लांबूनच सांगायचं ठरलं.

१८ जानेवारी, शनिवार

यंत्र घरी आणलं. बरीच बोलणी होऊन आईंनी गॅलरीपर्यंत मजल मारू दिली. "गॅलरी म्हणजे घर नव्हे," असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. मी बटण लावलं, वर घोंगडी टाकली.

चारच्या सुमारास आईंचा आवाज आला, "विनता, हे आत घे."

"काहून? तुम्हीच तर म्हणालात…"

"माकडं फिरून राहिली. घोंगडी ओढली की संपलं. मग पोरं रडतील, मग तू रडशील, अन् ऐकावं मला लागेल."

माकडं तर रोजच फिरतात. मला एकही दिसलं नाही. पण वाद कोण घालतो? यंत्र बैठकीत आलं. आईंनी त्याच्याकडे पाठ करून माळ ओढली. म्हणजे खुर्ची त्याच्या जवळच होती, पण पाठ त्याच्याकडे.

१९ जानेवारी, रविवार

दुपारी जरा डोळा लागला. उठून बघते तर सगळ्या अंड्यांची फुली खाली. झोपण्याआधी मी ती वर ठेवली होती असं मला पक्कं आठवत होतं. नसेन ठेवली. हल्ली माझा वेंधळेपणा फार वाढला आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मी डबा भरून ओट्यावर ठेवला होता, शपथ. निघताना शोधला तर नाही. उशीर होत होता म्हणून तशीच गेले. अकरा वाजता वर्गाच्या दारात आई उभ्या, हातात डबा. "विसरलीस," म्हणाल्या.

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून ही बाई डॉक्टरशिवाय कोणासाठी दोन मजले उतरलेली नाही. गुडघे दुखतात. आणि आज माझ्या भाजी-पोळीसाठी पायी शाळेपर्यंत! डबा देऊन परत जातील असं वाटलं, तर म्हणाल्या, दम लागला, जरा बसते. बसल्या कुठे, तर यंत्राजवळच्या बाकावर. मी गणित शिकवत होते आणि त्यांची नजर सारखी इकडेतिकडे. मी वर्गात काय करते ते बघून अपूर्वला सांगायचं असेल. जाताना विचारलं, "अडतीसच्या खाली नाही ना जात तो काटा?" म्हटलं, नाही जात. माझ्यावर पाळत.

२२ जानेवारी, बुधवार

आज शर्मिला वर्गात आली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. पुठ्ठ्याच्या नळीवर अंडं ठेवलं आणि खालून मोबाईलचा दिवा. पहिलं अंडं नुसतं पिवळं, रिकाम्या खोलीसारखं. दुसरंही तसंच.

तिसऱ्यात लाल धागे होते. कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मध्ये एक काळा ठिपका, तो हलत होता. शर्मिला म्हणाली, "हे पाहा, दिल धडकून राहिलं." अठ्ठावीस पोरं नळीभोवती दाटली. वर्गातली महा-बडबडी समृद्धी कुजबुजली, "मैम, ये तो सच में है."

पाच बाद झाली. त्यातलं एक फुटलं असतं तर वासानं शाळा रिकामी करावी लागली असती. नऊ राहिली. ज्यांची गेली त्या दहा पोरांना बाकीच्यांनी आपल्यात घेतलं, मला काही सांगावं लागलं नाही. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन डोळे पुसले. ही पाच माझ्या नळाखाली गेली.

संध्याकाळी आईंनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, नऊ. "हं," म्हणाल्या आणि देवापुढे जाऊन बसल्या. उदबत्ती लावायची वेळ झाली होती, म्हणून असेल.

२५ जानेवारी, शनिवार

आज आमच्याकडे हळदीकुंकू, आणि यंत्रही घरी. हे मी एकाच दिवशी आणलं याबद्दल मला कोणीतरी पारितोषिक द्यायला हवं. बैठकीत वीसेक बायका येणार, तिथं अंडी ठेवली तर दीक्षितपुऱ्यात वर्षभर तोच विषय चालेल. शेवटी आईच म्हणाल्या, "माझ्या खोलीत ठेव. तिथं कोण येतं?"

ते खरं आहे. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाला आई आत बसतात आणि दार लोटून घेतात. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. आम्हीही कोणी ‘नको’ म्हटलं नाही.

साडेसहाला बायका जमल्या आणि सातला लाइट गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. मेणबत्त्या लावल्या, बायकांना तर मजाच वाटली. माझं सगळं लक्ष आत. अत्तर लावताना दोघींच्या हातांऐवजी बांगड्यांना लावलं. पहिली संधी मिळताच खोलीत धावले. खोक्यावर कांबळी गुंडाळलेली, आणि आई पलंगावर रजई ओढून, भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या! संध्याकाळी सात वाजता!

"आई, अंडी गार पडतील हो…"

"झाकलंय मी. जा तू, बाहेर बायका खोळंबल्यात."

"तुम्हाला बरं नाही का?"

"गुडघे. शेकून राहिली. जा ना!" आवाज दबका होता आणि मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

खरं सांगते, मला राग आला. नऊ जीव गार पडताहेत, आणि ह्यांना गरम पाण्याच्या पिशवीनं गुडघे शेकायचे आहेत. दोन तासांनी लाइट आली तेव्हा परत धावत गेले. आई पलंगावर उठून बसल्या होत्या आणि यंत्राचा बल्ब पेटलेला. कंबर धरली होती त्यांनी. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन करून आले. अंडी बघते तर चारच्या जागी नऊ, नऊच्या जागी अकरा, सगळा क्रम चुकलेला. अपूर्वला विचारलं, तू हात लावलास? तो म्हणाला, मी अंड्याला हात लावला तर आई मला जिन्यात झोपवेल. कोण जाणे मग.

काल दोन तास गार पडली. वाचली असतील का? वरून काहीच कळत नाही. मुलांना लाइटचं सांगितलेलं नाही. दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर उभं राहायचं बळ नाही माझ्यात.

२९ जानेवारी, बुधवार

डबा पुन्हा गायब, आई पुन्हा दारात. आता पोरं त्यांना "दादी आ गईं" म्हणून सरकून जागा देतात. आज शर्मिलाही होती. आईंनी तिला सरळ विचारलं, "मोठी झाली की कुठं जातील?"

शर्मिला यंत्राची काच पुसायला लागली. कडकनाथला बाजारात कशासाठी भाव आहे ते सगळ्या जबलपूरला ठाऊक आहे. मला मात्र हा प्रश्न एकदाही सुचला नव्हता.

"सांग ना बाई, गप्प काहून?"

शर्मिला म्हणाली, "काकू, ही माझी. कॉलेजच्या वाड्यात अंड्यांसाठी ठेवीन, कापायला नाही देणार. पोरं येऊन पाहू शकतात."

"शब्द दे."

शर्मिलानं भर वर्गात त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग दिवा लावून अंडी पाहिली. नऊच्या नऊ आतून काळी, भरलेली, आणि हलत होती! शर्मिला मला म्हणाली, "दोन तास लाइट नव्हती म्हणता? या थंडीत? मग तर कमालच झाली." मी म्हटलं, कांबळी जाड होती. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजपासून अंडी फिरवायची नाहीत आणि यंत्र हलवायचंही नाही, पिल्लं बाहेर येईपर्यंत. आणि पिल्लं येणार सोमवारी! उद्या शाळेची वीज बंद होणार, म्हणजे आजच घरी न्यायला हवं. मग तिसरी ‘ब’नं तीन आठवडे वाट पाहिली ती कशासाठी? पूर्णिमा मॅडमशी बोलले, हात जोडले. त्या म्हणाल्या, सोमवारी वर्गच घेऊन जा तुझ्या घरी, पालकांच्या चिठ्ठ्या मी मागवते. मी त्यांना मिठी मारायची बाकी ठेवली.

आईंना अठ्ठावीस पोरांचं कसं सांगायचं? सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्याच खोलीत ठेव. पुन्हा लाइट गेली तर?" लाइट गेली तर त्यांच्या खोलीत काय वेगळं होणार आहे, ते मला कळलं नाही. पलंगाशेजारच्या टेबलावर बाबांचा रेडिओ असतो. त्याला कोणी फडकंसुद्धा लावायचं नाही असा दोन वर्षांचा दंडक. आज तो कपाटावर आहे आणि टेबलावर यंत्र.

२ फेब्रुवारी, रविवार

काहीच नाही. नऊ अंडी, नऊ दगड. माझ्या मनानं घेतलंय की सगळं संपलं. धुतलं मी, गारठवलं मी, आणि उद्या सगळा वर्ग माझ्या दारात.

आई खोक्याला कान लावून बसल्या आहेत. "आत बोलून राहिले," म्हणतात. मी कान लावला, मला फक्त पंखा ऐकू आला. चहाला हाक मारली तर यांना ऐकू येत नाही, आणि अंड्यातलं बोलणं येतं! मला धीर द्यायला म्हणत असतील. तसं असेल तर बरं वाटलं, हे मात्र लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आईंनी गदागदा हलवून उठवलं. चार नंबरच्या अंड्याला तडा. आणि आवाज! खरंच आवाज, बारीक, चिवचिव. मला कालच का ऐकू आला नाही?

नऊला पोरं आली, दोघादोघांच्या जोड्यांनी, दोरी धरून. जिन्यात अठ्ठावीस जोडी बूट काढले. आईंच्या खोलीत पलंगावर, पलंगाखाली, खिडकीत, कपाटाला टेकून, जिथं जागा मिळेल तिथं बसली. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या मागे लागले, कारण एवढ्या पोरांना उपाशी कसं ठेवायचं? आतून आईंचं मोडकंतोडकं हिंदी ऐकू येत होतं, मध्येच पोरांचं "फिर? फिर दादी?" काय गोष्ट सांगत होत्या देव जाणे.

"मैम! जल्दी!"

पोह्यांचा गॅस बंद करून धावले. चार नंबरचं टोपण आतून ढकललं जात होतं. थांबायचं, पुन्हा ढकलायचं. एक ओला काळा गोळा बाहेर पडला आणि तसाच आडवा झाला. मग त्यानं मान उचलली. चोच काळी, पाय काळे, नखंसुद्धा काळी.

"संक्रांतीच्या दिवसांत आलेत," आई म्हणाल्या. "काळे कपडे घालूनच आलेत बघ."

मी हसता हसता रडायला लागले. वेदांगनं मला स्वतःचा रुमाल दिला, तो आधीच ओला होता.

दुपारपर्यंत पाच झाली. अकरा नंबर मात्र अर्धं फोडून थकलं. चोच दिसायची, हलायची, थांबायची. शर्मिलानं बजावलं होतं की ओढून काढायचं नाही. मला राहवेना. काच उचलायला हात पुढे केला तर आईंनी माझं मनगट धरलं.

"नको. त्याला कळतं."

"मेलं तर?"

"धीर धर, विनता."

आठ वर्षांत त्यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. धरूनच बसल्या. पोरांनी कुजबुजत "आ जा, आ जा" सुरू केलं, आणि सुटीची वेळ व्हायच्या जरासं आधी अकरा नंबर आलं. सहा झाली. उरलेली तीन निघाली नाहीत. त्यातल्या एकाच्या मालकिणीनं, समृद्धीनं, डोळे पुसून विचारलं, "मैम, मैं ग्यारह नंबर की भी मम्मी बन सकती हूँ?" बन म्हटलं.

पोहे करपले होते. सगळे खाऊन गेले.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

पिल्लं वर्गात आली. मोठ्या खोक्यात भुसा, वर दिवा, उथळ वाटीत पाणी. सुकल्यावर त्यांचा कापूस झाला आहे. मधूनच एखादं उभ्या उभ्या झोपतं आणि चोचीवर पडतं, आणि अख्खा वर्ग "ओऽऽ" करतो.

सकाळी निघताना माझ्या मनात आलं की आज रथसप्तमी, बोरन्हाणाचा शेवटचा दिवस. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरं, मुरमुरे, हलवा त्याच्या डोक्यावरून ओततात आणि बाकीची पोरं लुटतात. मग ह्या सहा बाळांचं का नाही? अर्ध्या वर्गाला बोरन्हाण म्हणजे काय तेही माहीत नाही, तेवढंच शिकवणं होईल. आईंना सहज म्हटलं, येता का? तर तयारच होत्या. डबा लपवायची वेळसुद्धा आली नाही. (हो, ते मला काल रात्री कळलं. पिठाच्या डब्यामागे लपवायच्या.)

खोक्यावर दूध झाकायची जाळी ठेवली, म्हणजे पिल्लांना काही लागणार नाही. मुलं गोल बसली. पूर्णिमा मॅडमही आल्या. बोरं-मुरमुऱ्यांची परात मी हातात घेतली. कुंकवाचं बोटही माझंच असणार होतं, सवाष्ण म्हणून. आई आपोआप मागे सरकल्या, थेट दारापर्यंत. "मी इथून बघते," म्हणाल्या. मी मान हलवली. इतकं अंगवळणी पडलंय ते.

वेदांग उठून उभा राहिला. "मैम, आप क्यों? दादी करेंगी ना."

"दादी देख रही हैं, बेटा."

"पर अंडे तो दादी ने सेये थे!" वर्गातनं चार-पाच आवाज आले, "हाँ मैम! लाइट गई थी ना, तब!" समृद्धीला तर धीरच नव्हता. "दादी ने नौ के नौ रज़ाई में अपने पास सुला लिए थे. गरम पानी की थैली रख के. दो घंटे करवट नहीं बदली, कमर अकड़ गई थी. दादी ने कल बताया. आपको नहीं पता?"

मला नव्हतं पता. ज्या दिवशी मी वीस बायकांना कुंकू लावत होते, त्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून नऊ अंडी कुशीत घेऊन श्वास रोखून पडल्या होत्या, आणि मी बाहेर येऊन मनात त्यांना नावं ठेवली होती. मी दाराकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत होत्या, चोरी पकडल्यासारख्या.

परात घेऊन मी त्यांच्यासमोर गेले. "आई, तुम्हीच करा."

"अगं, मी कशी… आज, हे असलं…" त्यांनी पूर्णिमा मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, उबवली कोणी?"

आईंनी परात घेतली. परात कलली आणि चार बोरं दारातच सांडली. त्या खोक्यापाशी आल्या, वाकल्या, गुडघे कडकन वाजले, आणि मूठभर मुरमुरे जाळीवर हळूच सोडले. आतून सहा माना वर झाल्या. "लुटा रे!" आई ओरडल्या. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. पोरांनी जी झुंबड केली, त्यात पूर्णिमा मॅडमसुद्धा बाकाखालून बोर काढताना दिसल्या.

मग समृद्धीनं जमिनीवरचे मुरमुरे ओंजळीत भरले आणि बाकावर चढून आईंच्या डोक्यावर ओतले. "दादी का भी!" पाठोपाठ सगळीच. आई "अरे, अरे, बस करा," म्हणत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. तोंड पदरात धरून इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

घरी आम्ही चालतच आलो, सावकाश, माझ्या खांद्यावर त्यांचा हात. वाटेत भाजीवाली भेटली, गल्लीतल्या दोघी-तिघी भेटल्या. आईंच्या पांढऱ्या केसांत मुरमुरे तसेच होते. मी त्यांना सांगितलंही नाही आणि काढलेही नाहीत.